वक्तृत्व आहे, संवाद कुठे आहे?

अंबरनाथ पूर्वेला, वालधुनीच्या काठी, शिलाहार राजांनी उभारलेले शिवमंदिर आहे. तेथील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा काळ कोरलेला आहे. या प्राचीन मंदिराच्या आसपास आज जी वस्ती पसरली आहे, तीत आयुध निर्माणीतील कामगारांची घरे आहेत, औद्योगिक वसाहतीत खपणाऱ्यांची घरे आहेत आणि पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठणाऱ्या कारकून-शिक्षकांचीही घरे आहेत. अशाच एखाद्या घरातील मुलगा जेव्हा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा उत्तीर्ण होतो आणि भोपाळ किंवा प्रयागराज येथील सेवा निवड मंडळापुढे हजर राहण्याचे पत्र येते, तेव्हा सारे घर तयारीला लागते. नवे बूट येतात, धावण्याचा सराव वाढतो, जुनी वर्तमानपत्रे पुन्हा चाळली जातात. निघण्याच्या आदल्या रात्री शेजारचे एखादे काका हमखास कानमंत्र देतात : 'गटचर्चेत गप्प बसायचे नाही. सर्वांत आधी बोलायचे, मोठ्याने बोलायचे आणि दुसऱ्याला बोलू द्यायचे नाही.'

हा कानमंत्र मनापासून दिलेला असतो आणि तितकाच घातक असतो. तो पाळणारी कितीतरी हुशार, धडधाकट, देशसेवेची खरी ओढ असलेली मुले निवड केंद्रावरून पहिल्याच दिवशी माघारी फिरतात. 'नशीब नव्हते' किंवा 'आपल्या मुलांना इंग्रजी कमी पडते' असे म्हणून कुटुंब स्वतःची समजूत घालते. अपयशाचे खरे कारण मात्र अनेकदा वेगळेच असते. ही परीक्षा कशाची आहे, हेच त्या मुलाला कोणी सांगितलेले नसते.

परीक्षा कशाची?

सेवा निवड मंडळाची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एसएसबीची निवड पाच दिवस चालते. पहिल्या दिवशी बुद्धिमापन चाचणी होते आणि त्यानंतर एक धूसर चित्र तीस सेकंद दाखविले जाते. प्रत्येकाने चार मिनिटांत त्यावर कथा लिहावयाची, ती गटात सांगावयाची आणि मग सर्वांनी मिळून एक सामाईक कथा ठरवावयाची. या चाचणीत जे गळतात, त्यांना त्याच दिवशी परतीची वाट धरावी लागते. जे टिकतात, त्यांना पुढे मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरील गटकार्ये आणि मुलाखत यांना सामोरे जावे लागते. गटकार्यांचा प्रारंभच मुळी गटचर्चेने होतो. आठ-दहा उमेदवार अर्धवर्तुळात बसतात, छातीवर क्रमांक असतो, विषय दिला जातो आणि परीक्षक अधिकारी बाजूला बसून केवळ पाहतो, ऐकतो. तो कोणालाही नेता नेमत नाही, चर्चेत हस्तक्षेप करीत नाही आणि अखेरीस निर्णय कोणता झाला, हेही विचारीत नाही.

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या एकूण १,८०० गुणांपैकी तब्बल ९०० गुण या निवड मंडळाकडे आहेत. लेखी परीक्षेसाठी दोन-दोन वर्षे शिकवण्या लावणाऱ्या पालकांनी हा आकडा एकदा शांतपणे वाचावा.

नेता न नेमलेल्या गटाची ही कल्पना दुसऱ्या महायुद्धात आकाराला आली. जुन्या पद्धतीत दोन-चार ज्येष्ठ अधिकारी उमेदवाराचे घराणे, शाळा आणि बोलण्याची ढब पाहून निवड करीत. अशा रीतीने निवडलेले अनेक जण प्रशिक्षणातच अपयशी ठरू लागले, तेव्हा ब्रिटनने १९४२ मध्ये नवी निवड मंडळे स्थापन केली. विल्फ्रेड बायन या मनोवैज्ञानिकाने तेथे एक साधी युक्ती योजली. उमेदवारांना एकत्र काम द्यावे, नेता नेमू नये आणि काय होते ते पाहावे. प्रत्येकाला स्वतः चमकावेसे वाटते, पण काम तर सर्वांनी मिळूनच पार पडते. या ओढाताणीत माणूस काय करतो, यावरून त्याचा पिंड कळतो. पुढच्याच वर्षी ही पद्धत भारतात आली आणि स्वातंत्र्यानंतरही, आपल्या गरजेनुसार बदल करून, ती आपण टिकवून ठेवली.

हे एकदा लक्षात आले की शेजारच्या काकांचा कानमंत्र कोठे चुकतो, ते स्पष्ट होते. परीक्षक तेथे उत्तम वक्ता शोधीत नसतो. उद्या सियाचीनच्या चौकीवर दहा-बारा जवानांसह राहावयाचे झाले, तर हा तरुण त्यांचे ऐकेल काय, त्यांना आपले म्हणणे पटवून देऊ शकेल काय आणि अडचणीच्या वेळी त्याच्याभोवती माणसे गोळा होतील काय, याचे उत्तर तो त्या वीस मिनिटांत शोधत असतो. दुसऱ्याचे बोलणे तोडून स्वतःचे घोडे दामटणाऱ्याने हे उत्तर आपल्या हातानेच लिहून दिलेले असते.

व्यासपीठाची परंपरा आणि तिची मर्यादा

महाराष्ट्राला वक्तृत्वाची मोठी परंपरा आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगावी व्याख्यानमालांचे जाळे विणले गेले. शाळा-महाविद्यालयांतील वक्तृत्व स्पर्धांनी पिढ्यान्‌पिढ्या वक्ते घडविले. या परंपरेचा अभिमान असावाच. परंतु व्याख्यानात एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. वक्तृत्व स्पर्धेत प्रत्येकजण पाठ केलेले भाषण घेऊन येतो. आधीचा स्पर्धक काय बोलला, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. वादविवाद स्पर्धेत तर बाजू आधीच ठरलेली असते आणि मत बदलणे म्हणजे पराभव समजला जातो.

या तिन्ही प्रकारांत मुलगा बोलावयास शिकतो. समोरच्याचे ऐकून, त्यातील ग्राह्य भाग घेऊन, त्यात भर घालून सर्वांसह पुढे जाणे, हे त्याला कोणीच शिकवीत नाही. म्हणून आंतरशालेय स्पर्धांची ढाल कपाटात असलेला मुलगा गटचर्चेत सुरुवातीलाच तीन मिनिटांचे भाषण ठोकतो आणि ते संपले की त्याच्यापाशी बोलण्यासारखे काही उरत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला घरातील शिस्त आहे. 'मोठी माणसे बोलत असताना मध्ये बोलू नये' हे ऐकत वाढलेला सालस मुलगा अनोळखी आठ जणांत बसला की वीस मिनिटे मान डोलावीत राहतो. त्याच्या मनात उत्तम मुद्दा असतो, पण तो मांडण्यासाठी कोणीतरी आपल्याला विचारावे, याची तो वाट पाहत बसतो. तेथे कोणी विचारीत नाही. एकाचा आवाज जास्त म्हणून संधी हुकते आणि दुसऱ्याचा आवाजच फुटत नाही म्हणून हुकते. दोघेही आपल्याच घरांत आणि आपल्याच शाळांत घडलेले असतात.

वाद, जल्प आणि वितंडा

खरे तर या विषयाचा विचार आपल्या पूर्वजांनी फार खोलवर केला होता. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय आहे ते कळावे, यासाठी केलेली चर्चा म्हणजे वाद. येनकेनप्रकारेण जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छलाचाही आश्रय घेऊन केलेली ती जल्प. आणि स्वतःचे कोणतेही मत न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणे म्हणजे वितंडा. आज मराठीत 'वाद' या शब्दाला भांडणाची छटा आली आहे. शास्त्रात मात्र तोच सर्वांत श्रेष्ठ प्रकार मानलेला आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी आपसांत चर्चा कशी करावी, याचे तपशीलवार विवेचन आहे. तेथेही स्नेहभावाने केलेली संधाय संभाषा आणि कुरघोडीसाठी केलेली विगृह्य संभाषा असे दोन भेद केले आहेत. समोरचा वैद्य ज्ञानी आणि निर्मत्सर असेल, तर त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे, त्याला निःशंकपणे विचारावे आणि त्याची चूक दाखवावयाची झाल्यास अनुनयाने दाखवावी, असा त्याचा आशय आहे. शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडावयाचा, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे सांगावयाचे आणि मगच आपला सिद्धान्त, हा दंडकही याच परंपरेतला.

निवड मंडळाच्या गटचर्चेत ज्याला 'वाद' साधतो तो तरतो. जल्प करणारा क्षणभर चमकतो आणि वितंडा करणारा कोणालाच नको असतो. दूरचित्रवाणीवर रोज रात्री जो गदारोळ होतो, तो मात्र बहुतांशी जल्प आणि वितंडा यांचाच असतो. मुलांपुढे चर्चेचा तोच नमुना असेल, तर सामाईक कथा ठरविण्याच्या वेळी मासळीबाजार झाला, याचे आश्चर्य कशाला वाटावे?

संविधान सभेतील एक प्रसंग

प्रतिकूल वातावरणात आपले म्हणणे कसे मांडावे, याचा एक आदर्श आपल्या अलीकडच्या इतिहासात आहे. ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेचे कामकाज सुरू झाले आणि १३ डिसेंबरला पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीगने सभेवर बहिष्कार घातला होता आणि संस्थानांचे प्रतिनिधी अद्याप आले नव्हते. तेव्हा ठराव काही काळ पुढे ढकलावा, अशी उपसूचना बॅ. मुकुंदराव जयकर यांनी १६ डिसेंबरला मांडली. सूचना विचारपूर्वक केलेली होती, पण सभागृहातील भावना तिच्या विरुद्ध होती आणि ती नाराजी लपून राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना अनपेक्षितपणे बोलावयास पाचारण केले. आपल्या आधी वीस-बावीस नावे असताना आपल्याला बोलाविले गेले, याचे आश्चर्य बाबासाहेबांनी स्वतःच व्यक्त केले. काँग्रेसचे प्रखर टीकाकार म्हणून त्यांची ख्याती होती, त्यामुळे सभागृह सावध होते. त्यांना जयकरांच्याच सूचनेला पाठिंबा द्यावयाचा होता. ठरावातील उणिवाही त्यांनी स्पष्ट शब्दांत दाखविल्या. परंतु कळीच्या मुद्द्याकडे वळताना त्यांनी सर्वांना मान्य असलेल्या भूमीवर पाय रोवले. आज आपण विभागलेले असलो, तरी हा देश एक होण्यावाचून राहणार नाही, हा आपला दृढ विश्वास त्यांनी सांगितला. त्यानंतर, लोकांना भिववणारे शब्द आणि घोषणा बाजूला ठेवाव्यात, विरोधकांच्या पूर्वग्रहांनाही थोडी सवलत द्यावी आणि त्यांना सोबत घ्यावे, असे आवाहन केले. आदल्या दिवशी नाराजीला कारण झालेला तोच विचार सभागृहाने आता आदराने ऐकला. पुढे ठरावावरील चर्चा जानेवारीपर्यंत लांबविण्यात आली आणि २२ जानेवारी १९४७ रोजी तो संमत झाला.

याच बाबासाहेबांना पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून उपसूचनांच्या डोंगराला तोंड द्यावे लागले. ७,६३५ उपसूचना आल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. उपसूचना मांडली गेली की ती स्वीकारावी की नाकारावी, हे कारणांसह सांगण्यासाठी बाबासाहेब उभे राहत. तयारी नसताना बोलावे लागणे, मत बहुमताच्या विरुद्ध असणे आणि तरीही कटुता न आणता ते पटविणे, यांहून अवघड गटचर्चा कोणती असू शकते? आठ उमेदवारांच्या अर्धवर्तुळात बसणाऱ्या तरुणाने हा प्रसंग मनाशी बाळगावा. आधी समान भूमी शोधावी, मग मतभेद सांगावा आणि अखेरीस पुढची वाट दाखवावी, एवढा क्रम सांभाळला तरी निम्मे काम होते.

वालधुनीचाच विषय घेऊ

हे प्रत्यक्षात कसे घडते, हे पाहण्यासाठी शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीचाच विषय घेता येईल. समजा, विषय आहे : 'नदी वाचविण्यासाठी प्रदूषण करणारे कारखाने बंद करावेत काय?' एक उमेदवार तावातावाने म्हणेल, 'सगळे कारखाने तत्काळ बंद केले पाहिजेत.' दुसरा तितक्याच तावाने म्हणेल, 'मग कामगारांनी खायचे काय?' यानंतरची पंधरा मिनिटे हीच दोन वाक्ये आलटून पालटून, चढत्या स्वरात ऐकू येतील.

अशा वेळी एखादा तरुण शांतपणे म्हणतो, 'क्रमांक तीनने नदीचा मुद्दा मांडला आणि क्रमांक सहाने रोजगाराचा. दोन्ही खरे आहेत, कारण पाणी आणि पगार या दोन्हींची गरज एकाच वस्तीला आहे. सांडपाणी प्रक्रिया न करता सोडले जाते, हा मूळ प्रश्न आहे. लहान कारखान्यांना स्वतंत्र यंत्रणा परवडत नसेल, तर सामूहिक प्रक्रिया केंद्राचा विचार करता येईल. जे चोरून टँकर रिकामे करतात, त्यांच्यावर मात्र कठोर कारवाई हवी. क्रमांक आठ अद्याप बोलले नाहीत. त्यांना काय वाटते?'

या बोलण्याला एक मिनिटही लागत नाही. आवाज चढलेला नाही, आकडेवारीचा मारा नाही. तरीही चर्चेची दिशा बदलते. त्याने दोघांचे ऐकले होते, हे सिद्ध झाले. त्याने प्रश्नाचा गाभा वेगळा काढला, उपाय सुचविला आणि गप्प बसलेल्याला आत घेतले. नेता न नेमलेल्या गटाला त्या क्षणी नेता मिळालेला असतो आणि बाजूला बसलेल्या अधिकाऱ्याच्या नजरेतून तो सुटत नाही.

अंबरनाथ-बदलापूरच्या मुलांना ही वृत्ती परकी नाही. लोकलमध्ये तीन जणांच्या बाकावर चौथ्यासाठी सरकून जागा करणारा प्रवासी ते रोज पाहतात. गटचर्चेत एवढेच करावयाचे असते. स्वतःची जागा न सोडता दुसऱ्याला जागा करून द्यावयाची.

काही आक्षेप

गटचर्चा ही पद्धतच सदोष आहे, असे म्हणणारा एक पक्ष आहे आणि त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. आरडाओरडा करणाऱ्यांना ती झुकते माप देते, संकोची पण विचारी उमेदवारावर अन्याय करते, अशी टीका झाली. व्यवस्थापन शिक्षणाच्या क्षेत्रात २०१० नंतर अनेक नामवंत संस्थांनी गटचर्चेऐवजी लेखी अभिव्यक्तीची चाचणी स्वीकारली, त्यामागे अशीही कारणे होती. जेथे परीक्षक अननुभवी असतील आणि वेळ अपुरा असेल, तेथे हा दोष खराच आहे. सैन्यदलाने मात्र केवळ गटचर्चेवर विसंबून राहणे टाळले आहे. मानसशास्त्रज्ञ, गटकार्य अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघे स्वतंत्रपणे उमेदवाराला पारखतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसून निर्णय करतात. एखाद्या चर्चेत कमी पडलेल्याला पुढील मैदानी कार्यांत सावरता येते.

दुसरा आक्षेप भाषेचा. इंग्रजी संभाषणाची सवय नसलेल्या मराठी माध्यमातील मुलाच्या मनावर दडपण येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तेथे अलंकारिक इंग्रजीला गुण नसतात. साध्या, छोट्या वाक्यांत विचार स्पष्ट व्हावा, एवढीच अपेक्षा असते आणि अडल्यास हिंदीचा आधार घेण्यास कोणी मना करीत नाही. भाषा सहा महिन्यांच्या सरावाने सुधारते. ऐकण्याची सवय मात्र सहा महिन्यांत लागत नाही, ती लहानपणापासूनच लागावी लागते.

तयारी कोठे करावी?

महाराष्ट्र शासनाने १९७७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था स्थापन केली. नाशिकला १९३७ पासून भोसला सैनिकी विद्यालय आहे. या संस्थांतून अनेक अधिकारी घडले. २०२२ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची दारे मुलींनाही उघडली आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. आता ही तयारी घरातील मुलीचीही आहे, हे पालकांनी ध्यानी घ्यावे.

परंतु संस्थांमध्ये मोजक्यांनाच प्रवेश मिळतो. बाकीच्यांची प्रयोगशाळा वस्तीतच उभी राहिली पाहिजे आणि तिला पैसा लागत नाही. वाचनालयाची एखादी खोली, मंदिराचे प्रांगण किंवा सोसायटीची गच्ची पुरेशी आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ आठ-दहा मुलामुलींनी जमावे, चालू घडामोडींतील एक विषय घ्यावा आणि वीस मिनिटे चर्चा करावी. बोलण्यापूर्वी आधीच्या वक्त्याचा मुद्दा एका वाक्यात सांगावयाचा, तो त्याला मान्य झाला तरच पुढे बोलावयाचे, हा पूर्वपक्षाचा नियम कटाक्षाने पाळावा. सैन्यातून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी किंवा एखाद्या शिक्षिकेने बाजूला बसावे, मध्ये एक शब्दही बोलू नये आणि शेवटी तीनच गोष्टी सांगाव्यात : कोणी कोणाचे ऐकले, कोणी कोणाला जागा दिली आणि चर्चा पुढे कोणी नेली.

याहून मोठी जबाबदारी घराची आहे. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर आजोबा, वडील आणि मुले एखाद्या प्रश्नावर मोकळेपणाने बोलतात काय? सोळा वर्षांच्या मुलीने वडिलांच्या मताशी असहमती दाखविली, तर तिला कारण विचारले जाते की गप्प केले जाते? मुलाचा मुद्दा योग्य असेल, तर 'तुझे बरोबर आहे' असे त्याच्यासमोर म्हणण्याचा मोठेपणा वडिलांपाशी असतो काय? ज्या घरात मतभेद म्हणजे उद्धटपणा मानला जातो, त्या घरातील मूल एक तर मुके होते किंवा बाहेर गेल्यावर आक्रस्ताळे होते. निवड मंडळाचा अधिकारी ज्याला पाच दिवसांत पारखतो, त्याला घराने सतरा-अठरा वर्षे घडविलेले असते.

प्रत्येकाची निवड होईल, असे नाही. जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, हे वास्तव आहे. पण ऐकून घेण्याची, पटवून देण्याची आणि पटले तर आपले मत सोडण्याची सवय लागलेला तरुण वाया जात नाही. तो गृहनिर्माण संस्थेच्या सभेत उपयोगी पडतो, कारखान्यातील तंट्यात उपयोगी पडतो, नगरपालिकेच्या सभागृहात तर फारच उपयोगी पडतो. गणवेश ज्यांना मिळेल त्यांना मिळो. चार माणसांना एकत्र बसवून प्रश्न सोडविणारी माणसे मात्र प्रत्येक वस्तीला हवी आहेत, आणि त्यांची भरती रोज रात्री जेवणाच्या पाटावरूनच होत असते.